मॅनेजरचा टॉवेल

आमच्या डेअरीच्या ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा तिथे नऊ खुर्च्या होत्या आणि टॉवेल दोन. एक मालकांच्या खुर्चीच्या पाठीवर, दुसरा मॅनेजरच्या. पांढरेशुभ्र, खाली निळी पट्टी. बाकीच्या सात खुर्च्या उघड्या. असा काही नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. लोक पाळत नाहीत ते नियम लिहून ठेवावे लागतात. हा मोडायची कुणाची छातीच नव्हती. आमच्या अकाउंटंटला उन्हाळ्यात घामोळ्या यायच्या, त्याची पाठ रेक्झिनला चिकटायची आणि तो उठला की चर्रकन आवाज व्हायचा. पण आपल्या खुर्चीवर साधा पंचा टाकावा, असं त्याच्याही मनात कधी आलं नाही.

डेअरी गेवराई तालुक्यात, रस्त्याच्या कडेला. तलवाड्याच्या बाजूने दुधाच्या गाड्या यायच्या, दूध थंड व्हायचं आणि टँकरने पुढे जायचं. मालक म्हणजे मोठे जमीनदार. अर्ध्या तालुक्याचं राजकारण त्यांच्या ओसरीवर ठरायचं. त्यांच्या जीपचा आवाज फाटकाशी आला की आम्ही उठायचो, ते बसले की बसायचो, ते पुन्हा उठले की पुन्हा उभे. ज्या वर्षी त्यांना साखरेचा आजार निघाला आणि दर अर्ध्या तासाला बाहेर जावं लागायला लागलं, त्या वर्षी आमचे गुडघे गेले.

दर सोमवारी शिपाई ते टॉवेल धुवायचा. दोन्ही एका बादलीत धुवायचे नाहीत; आधी मालकांचा, मग पाणी बदलून मॅनेजरचा. त्या टॉवेलात काय होतं हे सांगून पटणार नाही. फॅट कमी लागली म्हणून भांडायला आलेला शेतकरी उघड्या खुर्चीवाल्याला म्हणायचा, "काय बे, डोळे झाकून मोजतो का?" आणि तोच माणूस दोन पावलं पुढे जाऊन टॉवेलसमोर उभा राहिला की, "सायेब, जरा बगा की." मधल्या दोन पावलांत त्या माणसाला शिस्त लागायची. बरं, टॉवेलवर टेकून बसलेला मॅनेजर काही करायचा असंही नाही. तोही "बघतो" एवढंच म्हणायचा. तेवढं तर मीही म्हणत होतो.

मला तो टॉवेल हवा होता. सरळच सांगतो. बढतीने पगार वाढेल, बरंच आहे, कोण नको म्हणतं. पण जीव अडकला होता तो टॉवेलात.

मॅनेजर नोकरी सोडून लेकाकडे राहायला जाणार अशी आवई पहिल्यांदा उठली, तेव्हा आमची मंडळी एका लग्नाच्या बस्त्यासाठी बीडला गेली होती. बाकीच्या बायका साड्या बघत असताना तिने टॉवेल बघितले. धागे सुटतात का म्हणून एक टॉवेल दातात धरून ओढला. दुकानदार हां हां म्हणेपर्यंत दुसराही ओढला. घरी आल्यावर पिशवीतून घडी काढून माझ्यासमोर ठेवली. पांढराशुभ्र, खाली निळी पट्टी.

"इतक्यात कशाला?" मी म्हणालो.

"ऐन टायमाला पळापळ कावून करायची?"

ऐन टाइम यायला अकरा वर्षं लागली. मॅनेजरचा लेक परदेशी गेला, मग मॅनेजरांनी घर बांधायला काढलं, मग घराला भेगा गेल्या. टॉवेल लोखंडी कपाटात हिच्या शालूखाली डांबरगोळ्यांच्या वासात पडून राहिला. त्याला कुणी हात लावायचा नाही. लेकीच्या लग्नानंतर व्याही पहिल्यांदा मुक्कामाला आले. अंघोळ झाली, टॉवेल द्यायला बघतो तर घरातले सगळे ओले. व्याही न्हाणीच्या दारात निथळत उभे. आमच्या मंडळींनी माझं नवं कोरं धोतर फाडून अर्धं त्यांना दिलं, पण कपाटातला टॉवेल काढला नाही. व्याही आजही ते धोतर सांगतात.

शेवटी मॅनेजर नोकरी सोडून गेले. मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "पैल्या तारखेपासून मॅनेजरची खुर्ची तुजी." मी नमस्कार केला आणि बाहेर येऊन घरी फोन लावला तर तोंडातून शब्द फुटेना. हीच म्हणाली, "कळालं." त्या रविवारी आम्ही कपिलधारला गेलो. ताटात नारळ, हार, उदबत्ती आणि टॉवेल. तो देवाच्या पायाला लावून आणला. परतताना धबधब्याचे शिंतोडे उडत होते, तर हिने टॉवेल पदराखाली घेतला आणि स्वतः चिंब झाली.

सोमवारी पहिली तारीख. डोक्याला खोबरेल चोपडलं, इस्त्रीचा शर्ट घातला, टॉवेल कापडी पिशवीत घालून नऊ वाजताच डेअरीवर पोचलो. बघतो तर मॅनेजरची केबिन नाही. म्हणजे रिकामी नाही, नाहीच. प्लायवूडच्या भिंती काढून मागे गोदामाला टेकवून ठेवल्या होत्या. जुन्या खुर्च्या गायब. मधोमध एक लांबलचक टेबल, त्याच्या भोवती चाकांच्या, उंच पाठीच्या नव्या खुर्च्या, कोपऱ्यात कॅरम बोर्ड. आणि खिडकीखाली लाल, निळी आणि हिरवी अशी तीन मोठमोठी पोती पडलेली. टँकरचा ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत उभा होता.

"पेंडीची पोती इथं कावून आणून टाकली बे?" त्याने शिपायाला विचारलं.

"ती बसायची हायेत," शिपाई म्हणाला. त्याचा चेहरा सुतकी होता.

झालं होतं असं, की मालकांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, आधी एक, मग दुसरा. तोवर डेअरी बघायला त्यांची लेक पुण्याहून आली होती. तिथल्या कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत तिने दहा वर्षं काढलेली. तिथे म्हणे लोक कामाच्या वेळेत टेबल टेनिस खेळतात आणि साहेबाला अरे-तुरे करतात. तीच हवा तिने शनिवार-रविवारात इथे भरली होती.

"या काका!" ती म्हणाली. "आजपासून कुणाला केबिन नाही, कुणाची जागा ठरलेली नाही. जो आधी येईल त्याने हवी ती खुर्ची घ्यायची."

"पण मॅनेजर..."

"मॅनेजर तुम्हीच की! पण मॅनेजर म्हणजे काही खुर्ची नव्हे ना, काका?"

मॅनेजर म्हणजे खुर्चीच असते गं बाई, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी पिशवी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मिळाली त्या खुर्चीवर बसलो. ती चाकांवरून मागे घरंगळली आणि मी कॅरमशी जाऊन थांबलो. माझ्या कारकिर्दीची सुरुवात ही अशी झाली.

संध्याकाळी घरी गेलो तर ही दारातच उभी. हातात ओवाळणीचं ताट.

"बसलात का?"

"बसलो," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं.

"टॉवेल टाकला?"

इथे मी खोटं बोललो. अकरा वर्षं, फाडलेलं धोतर, कपिलधारचे शिंतोडे, सगळं त्या ताटातल्या निरांजनामागे दिसत होतं. "टाकला," म्हणालो. तिने ओवाळलं. पेढा भरवला, तो मी तिच्याकडे न बघता खाल्ला.

खोटं बोलणं सोपं असतं, ते सांभाळणं अवघड. ही म्हणाली, दर शनिवारी टॉवेल घरी आणायचा, "त्या शिपायाच्या हातात द्यायचा न्हाई, त्यो दगडावर आपटतो." आता आठवडाभर ड्रॉवरमध्ये पडलेला टॉवेल मळणार कसा? म्हणून दर शनिवारी साडेपाच वाजता मी तो बाहेर काढायचो आणि त्याने कपाटाचा माथा, खिडकीच्या फळ्या, टेबलाची खालची बाजू पुसून घ्यायचो. अंदाज लागायला वेळ लागला. एकदा जास्त झालं आणि घरी ही म्हणाली, "मॅनेजर हायेत का गवंडी?" त्यानंतर मी हात आवरता घेतला. पण ऑफिस असं लख्ख राहायला लागलं की विचारू नका. मालकांच्या लेकीने एका मीटिंगमध्ये मला उभं केलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणाली, "बघा, काका ओनरशिप घेतात!" मी मान खाली घालून टाळ्या घेतल्या.

तिच्या नियमांचं सांगतो. पहिला नियम, कुणी आलं तरी उठायचं नाही. जो उठेल त्याने सगळ्यांना भजी चारायची. पहिल्या आठवड्यात आम्ही इतकी भजी खाल्ली की दोघांना पित्त झालं. एकट्या शिपायाने तीनदा चारली. मी दोनदा. ती दारात आली की बूड आपोआप वर जायचं, त्याला कोण काय करणार? शेवटी शिपायाने युक्ती काढली, तो बसायचाच नाही. दिवसभर उभा. उठायचा प्रश्नच मिटला.

दुसरा नियम, साहेब, मॅडम, ताई काही म्हणायचं नाही, एकमेकांना नावाने हाक मारायची. ही पोर मी दोन वेण्यांत, टँकरच्या पायरीवर बसून चिंचा खाताना पाहिलेली. पण मालकांची लेक ती मालकांची लेक. तिला नावाने हाक मारायला माझी जीभ उचलायचीच नाही. मी खोकायचो. "अहं, ते... अहं" असं करून आठ महिने काढले. अकाउंटंट तर समोर बसलेल्या तिलाच फोन करायचा, कारण फोनवर "हॅलो" म्हटलं की भागतं. आणि गंमत म्हणजे नियम करणाऱ्या तिलाही मला "काका" सोडून दुसरं काही म्हणता आलं नाही. तेव्हा घेता आलं नाही ते नाव मी इथेही घेत नाही.

शुक्रवारी खेळ. तोंडात चमचा, चमच्यात लिंबू. आमच्या गावात हे पंधरा ऑगस्टला पहिलीची पोरं करतात. पन्नाशीतले पाच बाप्ये तोंडात चमचे धरून दूध तपासायच्या खोलीपर्यंत जाताहेत, हे दृश्य बघायला दूध घालणारे दाराशी गर्दी करायचे. कॅरम मात्र मला आवडायचा, कबूल करतो. पण आवडतो असं दाखवलं तर हरल्यासारखं झालं असतं, म्हणून मी कपाळाला आठ्या घालून खेळायचो.

मग तिने भिंतीवर एक बोर्ड लावला. वर मोठ्या अक्षरांत "मनातलं लिहा". खाली चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे. ऑफिसबद्दल जे वाटेल ते लिहायचं, नाव लिहायचं नाही, शुक्रवारी सगळ्यांसमोर वाचायचं. पहिल्या शुक्रवारी बोर्डावर तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीवर ड्रायव्हरच्या पुतणीच्या लग्नाचं निमंत्रण, एकीवर "सर्व ठीक आहे" आणि तिसरीवर चार दिवसांच्या रजेचा सविनय अर्ज. नाव लिहायचं नाही असं सांगितल्यामुळे अर्जाखाली नाव नव्हतं. रजा मंजूर झाली, पण कुणाची ते कुणी सांगेना, आणि ती वाया गेली.

मी तीन आठवडे त्या बोर्डासमोरून नुसताच ये-जा करत होतो. एप्रिल तापला होता. एका दुपारी ऑफिसात कुणी नाही असं बघून पिवळी चिठ्ठी घेतली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. विषय: खुर्चीस टॉवेल मिळणेबाबत. उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, आपल्या ऑफिसात खुर्चीस टॉवेल असण्याची जुनी प्रथा असून ती पुढे चालू ठेवावी, ही विनंती. नाव घातलं नाही, सही केली नाही. पूर्ण खबरदारी घेतली.

शुक्रवारी तिने ती चिठ्ठी हातात घेतली. "ही बघा, छान आहे. पण वर कोपऱ्यात हा कसला नंबर आहे?"

डेअरीतून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर नोंदवहीतला जावक क्रमांक घालायचा, हे काम सत्तावीस वर्षं एकटा मी करत होतो. वही माझ्या ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या जानव्याला. चिठ्ठी डाव्या हाताने लिहिली खरी, पण उजव्या हाताने सवयीप्रमाणे वही काढली, नोंद केली आणि क्रमांक टाकला. तिला जावक क्रमांक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना होतं. अकाउंटंट खिडकीबाहेर बघायला लागला. शिपाई छताकडे. ड्रायव्हरने तोंडात रुमाल कोंबला.

"कुणी का लिहिलेलं असेना," ती म्हणाली, "मुद्दा बरोबर आहे. उन्हाळा आहे, पाठीला घाम येतो. माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं."

पुढच्या बुधवारी खोकं आलं. नऊ टॉवेल. गुलाबी, पोपटी, नारिंगी, जांभळा, दोन पट्ट्यापट्ट्यांचे आणि तीन फुलांचे. पांढरा एकही नाही. प्रत्येक खुर्चीला एक. अकाउंटंटच्या पाठीला सत्तावीस वर्षांनी आराम मिळाला. ड्रायव्हरने लाल नाही म्हणून कुरकुर केली. शिपायाच्या स्टुलालासुद्धा टॉवेल आला, स्टुलाला पाठ नसल्यामुळे त्याने तो खांद्यावर घेतला आणि मला हळूच म्हणाला, "तुमच्यामुळं मिळाला, मॅनेजर सायेब. लई उपकार झाले."

त्याला वाटलं तो माझं कौतुक करतोय. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुऊन आलो. टॉवेल मागितला होता, तो मिळाला. आणि सगळ्यांना मिळाल्यामुळे त्याचा टॉवेलपणा गेला. माझा पांढरा मी ड्रॉवरमध्ये आणखी आत सारला. त्याला त्या जत्रेत बसवायची माझी तयारी नव्हती. कधी गुलाबीवर, कधी फुलांवर डोकं टेकून मी दिवस काढायला लागलो. शनिवारची धूळ चालूच होती.

आणि जून संपता संपता तिने जाहीर केलं, पुढच्या शनिवारी फॅमिली डे. सगळ्यांनी घरच्यांना घेऊन यायचं.

घरी मी ही बातमी लपवली. पण अकाउंटंटच्या बायकोने भाजी घेताना हिला सांगितली. मी म्हणालो, उगाच गर्दी असेल, पाऊस असेल, तू नको येऊस.

"मालकाच्या लेकीनं बोलावलंय आन् न्हाई म्हणता? आन् मला खुर्ची बगायचीय."

"खुर्चीत काय बघायचंय?"

"दर आयतवारी टॉवेल धुतेय मी. कुठं बसता ते बगू नको का?"

तीन दिवस मला जेवण गेलं नाही. खोटं उघडं पडणार, आणि ते चारचौघांत, पोपटी टॉवेलांच्या साक्षीने. शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आणि शिपाई गोदामात शिरलो. पेंडीच्या पोत्यांमागे जुन्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. अंधुक उजेडात त्यातली जी चार पायांवर नीट उभी राहिली ती बाहेर काढली, झटकली आणि ऑफिसात फ्रीजजवळच्या कोपऱ्यात ठेवली. तिच्यावर माझा पांढरा टॉवेल घातला. अकरा वर्षं आणि आठ महिन्यांनी तो पहिल्यांदा खुर्चीवर गेला. मी बसून बघितलं नाही. म्हटलं, उद्या हिच्यासमोरच बसू.

शनिवारी हिला मोटारसायकलवर घेऊन पोचलो. ठेवणीतली साडी, नाकात नथ. आत शिरलो. माझ्या खुर्चीत, माझ्या टॉवेलवर टेकून, हातात काठी घेऊन साक्षात मालक बसले होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच डेअरीवर आलेले. त्यांना पोत्यात बसता येईना, चाकांच्या खुर्चीची भीती वाटली; म्हणून शिपायाने त्यांना ही सरळ चार पायांची दिली.

ही माझ्या कानाशी म्हणाली, "तुमची खुर्ची मालकाला दिली व्हय? बरं केलं."

देव पावला म्हटलं. पाहुणे मोठे आहेत, खुर्ची त्यांना दिली, संपला विषय.

तोवर मालकांची लेक पुढे आली आणि हिचे हात धरून म्हणाली, "काकू, मला नावानेच हाक मारा हं." आम्हा नऊ जणांना आठ महिन्यांत जे जमलं नाही, ते आमच्या मंडळींनी उभ्या उभ्या केलं. नाव घेतलं, वर "अगं" लावलं आणि म्हणाली, "किती वाळलीस गं, जेवतीस का न्हाई?" त्यानंतर ही लाल पोत्यात बसली, खोल गेली, हसत सुटली आणि दोन बायकांनी ओढल्यावर बाहेर निघाली. मग कॅरमवर अकाउंटंटला हरवून राणी घेतली. मी हिला असं खेळताना लग्नानंतर कधी पाहिलंच नव्हतं. बघून बरं वाटलं, आणि आपण आठ महिने आठ्या घालून खेळलो याचं वाईटही वाटलं.

मालक मात्र खुर्चीत चुळबुळ करत होते. मागे हात घालून चाचपत होते. एकदम मोठ्याने म्हणाले, "आरं, ही तर माजी खुर्ची!"

अंधारात मी मॅनेजरची नाही, मालकांची खुर्ची उचलून आणली होती.

त्यांनी वाकून टॉवेल बाजूला केला. खुर्चीच्या पाठीचं रेक्झिन हातभर फाटलेलं, आतून काथ्या बाहेर आलेला. "हे बगा. उंदरांनी खाल्लं होतं. नवी आणायची म्हणलं तर आज आणू, उद्या आणू. म्हणून आमच्या आईनं टॉवेल टाकला वर. चार दिवसांनी मॅनेजर म्हणला, मला बी पायजे. त्याची खुर्ची चांगली धडधाकट होती. पर हौस!" आणि ते काठी आपटून हसायला लागले.

सगळे हसले. मी त्या काथ्याकडे बघत राहिलो. सत्तावीस वर्षं आम्ही एका भोकासमोर उठत-बसत होतो.

मालकांचं हसू थांबलं. त्यांनी टॉवेल हातात घेऊन निरखला. "पर ह्यो कोरा दिसतोय. कुणाचा हाय?"

शिपाई छताकडे बघायला लागला. काय सांगू, कुठून सांगू. तेवढ्यात कॅरमजवळून ही उठली आणि पदर सावरत म्हणाली, "आमचा हाय मालक. तुमी येणार म्हणून घरून आणला. जुन्या खुर्चीत तुमाला टोचाय नको."

"बग," मालक आपल्या लेकीला म्हणाले, "ह्याला म्हणतेत मान्सं सांभाळणं." आणि टॉवेल परत पाठीशी घेऊन आणखी दोन तास बसले.

परतताना मोटारसायकलवर हिने टॉवेल मांडीवर घडी घालून धरलेला. मी सगळं सांगून टाकायचं ठरवलं आणि इंजिनच्या आवाजात ऐकू जाणार नाही अशा बेताने सांगूनही टाकलं. घर आलं तेव्हा माझं मन निम्मं हलकं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही धुण्याच्या दगडाशी बसली होती. टॉवेलला साबण लावता लावता म्हणाली, "आज धुवायला बरं वाटतंय. पैल्यांदा तेल लागलंय ह्याला. मालकाच्या डोक्याचं."

"म्हणजे?"

"एकोणतीस वर्षं तुमच्या उशीचे अभ्रे धुतेय मी. तुमचं डोकं जिथं टेकतं तिथं तेलाचा डाग असतोच. ह्या टॉवेलाला नुसती धूळ. एकदा तर जाळ्या बी निगाल्या."

मी तिथेच पायरीवर बसलो. "कधीपासून ठाऊक होतं?"

"पैल्या शनवारपासून."

"मग आठ महिने धूत कावून बसलीस?"

तिने टॉवेल पिळला, झटकला, मग हनुवटीने शेजारच्या कुंपणाकडे खूण केली. "ती शेजारीण दर आयतवारी इचारायची, मॅनेजरचा टॉवेल का? मी म्हणायचे, व्हय." आणि पुढे म्हणाली, "मलाबी अकरा वर्षं झालती की."

आजवर मला वाटायचं, टॉवेलची वाट एकटा मीच बघत होतो.

"पुढल्या शनवारी जरा तेल लावून आणा," ती टॉवेल दोरीवर टाकत म्हणाली. "शेजारणीचेबी डोळे काय फुटले न्हाईत."

पुढच्या शनिवारी साडेपाच वाजता मी धूळ पुसली नाही. सगळे गेल्यावर एका खुर्चीवरचा पोपटी टॉवेल काढून ठेवला, माझा पांढरा टाकला, खुर्चीची चाकं भिंतीशी टेकवली आणि डोकं मागे घासून पंधरा मिनिटं बसलो. मान अवघडली. शिपाई आत डोकावला, त्याने बघून न बघितल्यासारखं केलं आणि जाताना पंखा वाढवून गेला.

घरी आल्यावर हिने टॉवेल हातात घेतला. उजेडात धरून डाग बघितला, नाकाशी नेऊन वास घेतला.

"हां," म्हणाली. "आता बसलात."